लाइन थांबते ती चिल्लरीमुळे

चिपचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट दोन नॅनोमीटरवर, म्हणजे सर्वांत बारीक आणि नव्या चिपवर, जाऊन थांबते (आकडा जितका मोठा, तितकं काम जाड आणि जुनं). तैवान, एनव्हिडिया, एआय, ट्रम्प, शी जिनपिंग, आणि शेवटी ठरलेला प्रश्न, ‘आपण कधी करणार?’ लग्नाच्या पंगतीत हेच, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच. विषय मोठा आहे, बोलू द्या. पण मी वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये परचेस बघते, चाकणच्या पट्ट्यात, आणि माझ्या देखत दोन नॅनोमीटरच्या चिपवाचून लाइन कधी थांबलेली नाही. थांबली ती दर वेळी चिल्लर मालावाचून.

आम्ही बनवतो ते गाडीतलं एक काळं खोकं. वायपर, इंडिकेटर, दरवाजांची लॉकं, आतले दिवे, असली कामं ते सांभाळतं. आत हिरव्या बोर्डावर काहीशे पार्ट. त्यातला एक मोठा, मायक्रोकंट्रोलर, म्हणजे खोक्याचा मेंदू. त्याला डिझाइनवाले नावानिशी ओळखतात. बाकी सगळा भरणा डायोड, ट्रान्झिस्टर, मॉसफेट असल्या वीज अडवणाऱ्या-सोडणाऱ्या पार्टचा आणि छोट्या व्होल्टेज रेग्युलेटरचा. यातला नेहमीचा डायोड जेमतेम तीन मिलिमीटर लांब, तीन पायांचा. सात इंची रिळावर प्लॅस्टिकच्या पट्टीत एकेका खोबणीत एक, असे तीन हजार नग गुंडाळलेले येतात. रीळ हातात घेतलं तर वजन लागतं ते रिळाचं, मालाचं नाही. नगाची किंमत रुपयाच्या आतबाहेर. एखादा खाली सांडला तर ऑपरेटर वाकून शोधतसुद्धा नाही. चांगल्या काळात डिस्ट्रिब्युटर हा माल मोठ्या ऑर्डरीबरोबर जवळजवळ भाजीवरच्या कोथिंबिरीसारखा देतो.

पण तो नसला की बोर्ड नाही, बोर्ड नसला की खोकं नाही, आणि खोकं नसलं की पंधरा-वीस लाखांची तयार गाडी मैदानात उन्हात उभी. ‘दुसऱ्या कंपनीचा तसाच डायोड बसवा की’ हे मला प्लांट हेडपासून माझ्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सुचवून झालं आहे. बसतो, छान बसतो. फक्त तो बसवल्यावर बोर्ड पुन्हा उणे चाळीस ते सव्वाशे अंशांच्या चक्रातून काढायचा, दमटपणा आणि थरथर यांच्या चाचण्या करायच्या, सगळी फाइल नव्याने बांधून कस्टमरकडे पाठवायची आणि त्यांच्या क्वालिटीवाल्यांच्या सहीची वाट बघायची. यात महिने जातात. गाडी पंधरा वर्षं चालायची असते, म्हणून ही कटकट योग्यच आहे. पण लाइन थांबलेली असताना योग्य-अयोग्य कोण ऐकतो!

इतकी किरकोळ वस्तू इतकी अडून का बसते, याचं उत्तर राजकारणात शोधण्याआधी हिशेबाच्या वहीत शोधावं.

मॉरिस चँग यांनी अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षं काढली. पन्नाशी उलटल्यावर तैवान सरकारच्या बोलावण्यावरून ते तिकडे गेले आणि १९८७ मध्ये शिन्चू इथे टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी उभी राहिली. सुरुवातीच्या भांडवलात जवळपास निम्मा वाटा सरकारचा, साडेसत्तावीस टक्के फिलिप्सचा, आणि उरलेले पैसे स्थानिक उद्योगपतींचे. त्यातल्या काहींना तर सरकारने गळ घालून पैसे टाकायला लावले, कारण कल्पना वेडगळ वाटावी अशी होती. चिप दुसऱ्याने डिझाइन करायची, आपण फक्त बनवून द्यायची, स्वतःच्या नावाने काही विकायचं नाही. पण फॅबचा, म्हणजे चिप बनवण्याच्या कारखान्याचा, खर्च पिढीगणिक असा चढत गेला की स्वतःचा फॅब परवडेल अशा कंपन्या एकेक करून गळाल्या, आणि ‘आमच्यासाठी बनवून द्या’ म्हणणाऱ्यांची रांग शिन्चूला लागली. आज अगदी पुढच्या पिढीचा एक फॅब उभारायचा तर वीस अब्ज डॉलर लागतात, म्हणजे दीड लाख कोटी रुपयांच्या वर. त्यातला मोठा पैसा यंत्रांत जातो आणि ती यंत्रं साधारण पाच वर्षांत वहीतून उतरवायची असतात. म्हणून फॅब रात्री बंद होत नाही, दिवाळीला नाही, कशालाच नाही. बंद यंत्राचाही घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीतला दर वर्षी खर्चात धरायचा हिस्सा, चालूच असतो.

आता पाच वर्षं झाल्यावर काय होतं ते बघा. टोकाचं काम नव्या फॅबमध्ये जातं. जुना फॅब मोडत नाहीत; त्याचे पैसे फिटलेले असतात. वीज, पाणी, रसायनं, माणसं एवढाच खर्च. नव्वद नॅनोमीटर, एकशे तीस, एकशे ऐंशी असल्या जुन्या लाइनी अशा फिटलेल्या यंत्रांवर वर्षानुवर्षं चालतात, आणि गाडीतला बहुतेक माल तिथूनच येतो. चिल्लरीचा भाव चिल्लर राहिला तो यामुळे. पण याचीच दुसरी बाजू अशी, की हाच माल बनवायला आज कोणी कोरा फॅब टाकला तर त्याला घसारा धरून भाव लावावा लागतो, आणि फिटलेल्या यंत्रासमोर तो पहिल्याच दिवशी हरतो. मग टाकतो कोण? कोणीच नाही. वेफर म्हणजे जिच्यावर चिप घडतात ती सिलिकॉनची चकती; आठ इंची वेफरची नवी यंत्रं बनवणंही यंत्रवाल्यांनी जवळजवळ सोडून दिलं होतं. जुन्या यंत्रांचा सेकंडहँड बाजार तेवढा तेजीत. मागणी दर वर्षी थोडी वाढत होती आणि क्षमता होती तिथेच होती. आम्ही मात्र दर वर्षी भाव कमी करून मागत होतो आणि मिळतही होता. तेव्हा मलाही यात काही वावगं दिसत नव्हतं.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये जगभरच्या गाडीवाल्यांनी ऑर्डरी रद्द केल्या. शोरूम बंद, माल घेऊन करायचं काय? त्यांनी सोडलेली क्षमता लॅपटॉप, टीव्ही, राउटरवाल्यांनी उचलली. पावसाळा सरेपर्यंत गाड्यांचा बाजार परत उठला तेव्हा रांगेत आपली जागा गेलेली. चिप ही ऑर्डर टाकली की पुढच्या आठवड्यात येणारी चीज नव्हे. वेफर फॅबमधून बाहेर पडायलाच तीनेक महिने, मग पॅकिंग, टेस्टिंग, वाहतूक. त्यातून टीएसएमसीच्या २०२० च्या उत्पन्नात वाहन उद्योगाचा वाटा होता सुमारे तीन टक्के. एकट्या ॲपलचा चतुर्थांशाच्या आसपास. जगाच्या रस्त्यावर तोरा मिरवणाऱ्या या गाडीच्या कंपन्या त्या काउंटरवर किरकोळ गिऱ्हाईक होत्या, आणि हे त्यांना तेव्हा कळलं.

जानेवारी २०२१ मध्ये जर्मनीचे आर्थिक व्यवहार मंत्री पीटर आल्टमायर यांनी तैवानच्या मंत्र्यांना पत्र लिहिलं, आमच्या गाड्यांना चिप द्यायला तुमच्या कंपनीला सांगा. जर्मनी तैवानला देश म्हणून मान्यता देत नाही. पण मायक्रोकंट्रोलरसाठी पत्र जातं. भूराजकारणावर मी पुष्कळ भारदस्त लेख वाचले आहेत; मला हे एक पत्र त्या सगळ्यांहून बोलकं वाटतं.

त्यात त्या वर्षी सगळी संकटं हातात हात घालून आली. फेब्रुवारीत टेक्सासला बर्फ पडला, वीज गेली, ऑस्टिनचे फॅब बंद. मार्चमध्ये जपानमध्ये गाड्यांच्या चिप बनवणाऱ्या रेनेसासच्या नाका कारखान्याला आग. आणि तैवानात दुष्काळ. २०२० मध्ये छप्पन्न वर्षांत पहिल्यांदाच एकही टायफून तैवानच्या किनाऱ्याला लागला नव्हता, त्यामुळे धरणं तळाला गेलेली. फॅबला अतिशुद्ध पाणी अखंड लागतं. सरकारने चौऱ्याहत्तर हजार हेक्टरांच्या वर शेतीचं पाणी तोडलं, भातवाल्यांना नुकसानभरपाई दिली आणि ‘यंदा लावू नका’ म्हणून सांगितलं. फॅबसाठी टँकर धावत होते. शेताचं पाणी कारखान्याला वळवल्यावर काय होतं, हे मावळातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. तिथल्या शेतकऱ्याने भात सोडला तेव्हा कुठे जगात गाड्यांचे वायपर हलले, हे मात्र कुठल्याही कंपनीच्या अहवालात आलं नाही.

आमच्याकडे तो काळ ब्रोकरांचा होता. फोन यायचा, “मॅडम, माल आहे. पण रेट आजचा आजच, आणि पैसे आधी.” शेन्झेनच्या ह्वाचियांगबेइ बाजारातून हाँगकाँग, तिथून सिंगापूर, तिथून आपल्याकडे, असा माल फिरत यायचा. दोन-अडीचशे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलरला काही हजार सांगायचे. आणि साहेब म्हणायचे, “घ्या. लाइन थांबली तर यापेक्षा जास्त दंड आहे.”

घ्यायचं, पण तपासून. ते काम मला तोवर माहीतच नव्हतं. आधी व्हॅक्यूमची चंदेरी पिशवी बघायची. ती पुन्हा सील केलेली असली तर कडेला दोन रेघा दिसतात. आत एक छोटं कार्ड असतं, त्यावरचे ठिपके निळे हवेत. गुलाबी पडले असले तर ओल शिरलेली आहे. अशी चिप भट्टीत गरम झाली की पोटातल्या पोटात तडकते. मग चिपच्या पाठीवरचा डेट कोड, म्हणजे ती कधी बनली तो आकडा: पिशवीवरच्या लेबलशी जुळतो का? मग कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन अक्षरं हलकी पुसायची. खऱ्या चिपवर लेझरने कोरलेलं असतं, ते जात नाही. खोट्या चिपवर जुनी अक्षरं घासून वर काळा थर चढवलेला असतो आणि नवी अक्षरं छापलेली असतात. एकदा एका खेपेचा बोळा काळा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली घासल्याच्या समांतर रेघा स्पष्ट दिसत होत्या, आणि खाली दुसराच नंबर. जुन्या कुठल्यातरी बोर्डावरून उपटलेला माल, पाय सरळ करून, पुन्हा रिळात भरलेला. ब्रोकरला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, माझ्याकडे सीलबंद आला, मी सीलबंद दिला.” पैसे अर्थातच गेले. नेमकं तेव्हाच मारुतीने जाहीर केलं होतं की सप्टेंबर २०२१ चं उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांवर येईल, आणि चाकणमध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० ची प्रतीक्षायादी वर्षाच्या पलीकडे जाणार होती. पुढच्या वर्षी टोयोटाने जपानमध्ये गिऱ्हाइकांना सांगितलं की दोन स्मार्ट किल्ल्यांऐवजी सध्या एकच मिळेल, दुसरी साधी धातूची.

या सगळ्यातून सरकारांनी धडा घेतला, नाही असं नाही. जपानने कुमामोतोत टीएसएमसीला पैसे देऊन फॅब उभा करवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. सोनी आणि गाड्यांचे पार्ट बनवणारी डेन्सो त्यात भागीदार. जर्मनीत ड्रेस्डेनला तसंच: दहा अब्ज युरोंच्या वरचा प्रकल्प, त्यातले पाच अब्जांपर्यंत सरकारचे, बॉश, इन्फिनिऑन आणि एनएक्सपी प्रत्येकी दहा टक्के. दोन्हीकडे बनणार काय? अठ्ठावीस, बावीस, सोळा, बारा नॅनोमीटर. दोन नॅनोमीटर नाही. जपानी आणि जर्मन माणूस गाडी बनवतो, त्याला आपली नस कुठे दाबली जाते ते माहीत आहे.

अमेरिकेचं लक्ष मात्र वरच्या टोकाला होतं, आणि तिथे तसं करण्यासारखंही होतं, कारण तिथे दार आहे. सर्वांत बारीक चिप कोरणारं ईयूव्ही यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सच्या फेल्डहोवनची एएसएमएल. ते चीनला द्यायचं नाही म्हटलं की झालं. ७ ऑक्टोबर २०२२ च्या निर्बंधांनी असंच केलं: एआयच्या बड्या चिप आणि चौदा-सोळा नॅनोमीटर आणि त्याखालची लॉजिक चिप बनवण्याची साधनं चीनला बंद. त्यावरच्या जाड कामाला मोकळीक. मग चीनचा पैसा जाणार कुठे? जिथे बंदी नाही तिथे. अठ्ठावीस नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या कामाचे फॅब तिथे सरकारी पैशाने भराभर उभे राहू लागले. वरचं दार लावताना खालच्या मजल्याची चावी हातात दिली, असं मला तेव्हाही वाटलं होतं. घसाऱ्याची चिंता नसलेला एक नवा भिडू बाजारात आला, आणि चिल्लरीचा भाव आणखी पडला. आम्ही परचेसवाले खूश. भाव पडला की आमचं अप्रेझल बरं होतं.

मग ऑक्टोबर २०२५ आला.

नेक्सपेरिया हे नाव घरात कोणी ऐकलेलं नसेल, पण गाडीत ते असतंच. डायोड, ट्रान्झिस्टर, मॉसफेट. वर्षाला शंभर अब्जांच्या वर नग. मूळ फिलिप्सचा विभाग. तिथून एनएक्सपी, तिथून वेगळी कंपनी, मग चिनी गुंतवणूकदारांच्या हातात आणि शेवटी विंगटेक या चिनी कंपनीच्या मालकीची. गंमत बघा, टीएसएमसीच्या भांडवलात फिलिप्स, एएसएमएलच्या जन्मात फिलिप्स, आणि इथेही फिलिप्सच. आइंडहोवनच्या बल्बवाल्यांनी तीन सोन्याच्या खाणी खणल्या आणि तिन्हींतून बाहेर पडले. नेक्सपेरिया विकली तेव्हा कोणी फारशी हरकतही घेतली नाही. डायोड बनवणारी कंपनी, त्यात कसलं आलं गुपित?

या कंपनीचा वेफर बनतो हॅम्बुर्गला किंवा मँचेस्टरजवळ. तो कापून, पाय लावून, काळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद करण्याचं बरंचसं काम चीनच्या डोंगग्वानमध्ये. तिथून माल परत जगभर. म्हणजे जर्मनीतली सिलिकॉनची चकती चीनला जाऊन जर्मनीतल्याच गाडीत बसायला परत येते. मजुरी आणि यंत्रांचा हिशेब मांडला तर हे पूर्ण शहाणपणाचं आहे. अमेरिकेने आधी विंगटेकला काळ्या यादीत टाकलं, मग सप्टेंबरच्या अखेरीस नियम काढला की यादीतल्या कंपनीची निम्मी किंवा जास्त मालकी जिथे, तिलाही तेच निर्बंध. लगेच नेदरलँड्सच्या सरकारने १९५२ चा, शीतयुद्धाच्या काळातला, कधीच न वापरलेला कायदा बाहेर काढून कंपनीच्या कारभारावर हात ठेवला. तंत्रज्ञान आणि उत्पादन युरोपबाहेर हलवलं जाईल ही भीती. कोर्टाने चिनी सीईओला बाजूला केलं. चीनने डोंगग्वानमधून निर्यात थांबवली.

झालं. होंडाने मेक्सिकोतलं उत्पादन थांबवलं. युरोपातल्या गाडीवाल्यांनी धोक्याच्या सूचना काढल्या. कशासाठी? जे शोधायला ऑपरेटर वाकत नाही, त्यासाठी. ३० ऑक्टोबरला ट्रम्प आणि शी बुसानमध्ये भेटले. दोन महासत्तांच्या अध्यक्षांच्या त्या भेटीनंतर जे सुटलं त्यात डायोडही होते. नोव्हेंबरमध्ये डच सरकारने आपला आदेश स्थगित केला, पण कंपनीचे युरोपातले आणि चीनमधले हातपाय एकमेकांशी बोलेनासे झाले ते झालेच. आमच्याकडे त्या आठवड्यांत एक्सेलच्या शीटवर पिवळा, केशरी, लाल असे रंग चढत गेले. रात्री अकराला सप्लायरबरोबर कॉल, सकाळी सातला कस्टमरबरोबर. दोघांनाही सांगायचं एकच, “बघतो आहोत.”

वरच्या टोकाला एक दार आहे म्हणून सगळ्यांचं तिथे लक्ष आहे, पहारा आहे. खाली शेकडो बनवणारे आहेत म्हणून सगळे निर्धास्त. पण बनवणारे शेकडो असले तरी मंजूर झालेला पार्ट एकच असतो, आणि तो ज्या शहरात पॅक होतो ते शहरही एकच. धोका तिथे आहे.

आपल्याकडचं बोलायचं तर तळेगावचा उल्लेख टाळता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असं कळलं तेव्हा आमच्या कँटीनमध्ये अक्षरशः सुतक होतं. पळवला, ओढून नेला, महाराष्ट्राचं नशीब. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन बाहेर पडली आणि तो प्रकल्प तिथेही झाला नाही. त्यावर मात्र कोणी ब्रही काढला नाही. असो. सध्या प्रत्यक्षात उभा राहतो आहे तो टाटांचा धोलेऱ्याचा फॅब, तैवानच्या पॉवरचिपबरोबर, ९१ हजार कोटींचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेला. तिथे अठ्ठावीसपासून एकशे दहा नॅनोमीटरपर्यंतचं काम होणार आहे. ‘जग दोनवर आणि आपण अठ्ठावीसवर’ असे विनोद मी पुष्कळ वाचले. विनोद करणाऱ्याने आपल्या स्वतःच्या गाडीचं एखादं खोकं उघडून बघावं. अठ्ठावीस ही बरोबर जागा आहे. आसामात जागीरोडला पॅकिंग-टेस्टिंगचा २७ हजार कोटींचा कारखाना आहे, तो तर मला धोलेऱ्याहूनही जास्त कामाचा वाटतो, डोंगग्वानचा अनुभव बघता.

माझी शंका वेगळी आहे. फॅब कोरा आहे, म्हणजे घसारा आला. केंद्राने निम्मा खर्च उचलला, राज्यानेही भर घातली, तरी उरलेल्याचं व्याज आहे. समोर चीनचा माल आहे, ज्याच्या भावात घसारा आहे की नाही हे कोणी सांगू शकत नाही. नगामागे वीस पैसे जास्त पडले तर गाडीमागे किती होतील? मी आमच्या खोक्याचा हिशेब मांडून पाहिला आहे. गाडीच्या किमतीत तो आकडा कुठे दिसणारही नाही. पुढच्या सीटवरच्या कव्हरला त्याहून जास्त लागतात. पण ते वीस पैसे द्यायचे कोणी? गाडीवाला म्हणतो सप्लायरने, सप्लायर म्हणतो सरकारने, सरकार म्हणतं आम्ही फॅबलाच दिले.

या तिमाहीत आमच्या एका कस्टमरचा मेल आला. पहिला मुद्दा: सर्व सेमीकंडक्टर पार्टना चीनबाहेरचा पर्यायी सोर्स दाखवा, चाचण्यांसह, खर्च तुमचा. दुसरा मुद्दा: ठरल्याप्रमाणे यंदाचं तीन टक्के कॉस्ट डाउन लागू करून नवे दर पाठवा. दोन्ही एकाच मेलमध्ये, एकाखाली एक. मी पार्टवार तक्ता जोडून उलट लिहिलं की यातलं कुठलं आधी हवं ते कळवावं. त्यावर आता मीटिंग लागली आहे.